आहेरातला पगार

बेर्मेत पडली की तिची आई बेगायिम हातातलं काम टाकून धावायची. पोर स्वतः रडायची नाही. दोन पावलं टाकायची, एक पाय दुसऱ्यात अडकायचा, धपकन खाली बसायची आणि आपण मुळात बसायलाच निघालो होतो अशा चेहऱ्यानं इकडेतिकडे बघायची. पण बेगायिमला चैन पडायचं नाही. तिनं टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जाकिटांच्या अस्तराच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. शेगडीभोवती स्टुलं आडवी लावली होती. फोनवर नको नको ते वाचून ती पोरीला घेऊन डॉक्टरकडेही जाऊन आली होती, आणि डॉक्टरांनी पोर ठणठणीत असल्याचं सांगितल्यावर, हे नीट न तपासताच बोलले, असं ठरवून घरी परतली होती.

"डॉक्टरला काय कळतंय त्यातलं," तिची सासू म्हणाली. उलसुन एनेचं हे नेहमीचं होतं. जगातल्या निम्म्या गोष्टी डॉक्टरला कळत नाहीत आणि उरलेल्या निम्म्या सुनेला. "पोरीच्या पायात दोर आहे. डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. तो कापल्याशिवाय ती सरळ चालायची नाही. तुशो कर, तुशो कर, म्हणून मी नवरोजपासून कानीकपाळी ओरडतेय."

बेगायिमला तुशो नको होता असं नाही. पोरीच्या घोट्यांना काळा-पांढरा पिळाचा दोर बांधायचा, गल्लीत शर्यती लावायच्या, आणि मग मानाच्या हातानं तो दोर कापून पोरीला मोकळं सोडायचं, हे तिचंही झालं होतं, तिच्या आईचंही. कापणाऱ्याचे गुण पोरीला लागतात म्हणतात, म्हणून कापणारं माणूस लोक पारखून घेतात. कायदा शिकलेल्या बेगायिमचा यावर विश्वास होता की नव्हता, हे तिनं स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. पण तुशो म्हटलं की मेंढा आला, जेवणाचं दस्तरखान आलं, अख्खी गल्ली जेवायला आली. आणि पगार आला नव्हता.

एकदा तारीख ठरवून पुढे ढकलून झाली होती. दुसऱ्यांदा ढकलायला एने तयार नव्हती. तिनं परस्पर आपल्या भावाकडून मेंढा उधारीवर आणला, अंगणात बांधला आणि रविवार जाहीर करून टाकला.

"पैशाचं काय सांगितलंत मामांना?" बेगायिमनं विचारलं.

"सांगितलं, सुनेचा पगार झाला की देते."

"एने, पगार दोन महिने झालेला नाही."

"म्हणजे आता होईलच की. किती दिवस होणार नाही?" एने मेंढ्याला पाणी ठेवत म्हणाली. "आणि दोर कोण कापणार तेही ठरवून आलेय. उल्कान."

बेगायिमच्या हातातलं ओलं लंगोट दोरीवर टाकायचं राहिलं. "उल्कान एजे?"

"मग कोण? आपल्या हिमतीवर उभी राहिलेली बाई आहे. बाजारात भेटली तेव्हा विचारलं. भर बाजारात डोळे पुसले तिनं. बिचारीला ना मूल ना बाळ."

बेगायिमचा पगार उल्काननंच थकवला होता. मेंढ्याचे पैसे ज्या बाईकडे अडकले होते, तीच बाई मानानं येऊन दोर कापणार होती. मेंढा मात्र निवांत रवंथ करत उभा होता. या सगळ्यात त्यालाच काय ती काळजी नव्हती, आणि खरं तर त्यालाच असायला हवी होती.

*

शिवणखाना वस्तीच्या टोकाला होता, एका दुमजली घराच्या तळमजल्यावर. उल्कान एजेचाच तो. सगळ्याजणी तिला एजे म्हणत, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि ती वागायचीही तशीच. सकाळी दारातून तिचा आवाज आधी यायचा, मग अत्तर, मग मांस भरलेल्या गरम सामसांची परात, आणि शेवटी ती. इथं लहान मुलांची जाकिटं शिवून व्हायची आणि गठ्ठे बांधून सीमेपलीकडे, नोव्होसिबिर्स्कच्या एका व्यापाऱ्याकडे जायची.

"माल गेलाय," एजे सांगायची. "तिकडून पैसे निघाले की त्याच संध्याकाळी तुमच्या हातात. आता खा बघू, गार होतायत."

आणि बायका खायच्या. न खाऊन करणार काय? एजेचा हात मोठा होता, हे अख्खी वस्ती सांगायची. अनारकान आपाच्या मुलाच्या लग्नात तिनं आहेर म्हणून फ्रीज दिला होता, माणसाच्या उंचीचा, लाल फीत बांधलेला. मांडवातल्या माणसानं मायक्रोफोनवरून तीन-तीनदा तिचं नाव घेतलं होतं. तेव्हाही पगार थकलेलाच होता. पण फितीच्या फ्रीजसमोर उभं राहून पगार कोण मागणार? उलट सगळ्याजणींनी मिळून तिला शाल पांघरली होती. आता तिच्या भाच्याचं लग्न तोंडावर होतं आणि एजे त्याला घोडी देणार होती. घोडीचा रंगसुद्धा वस्तीला पाठ होता.

"आपा, तुझा फ्रीज बघितला ना," सोनुन म्हणाली, "की मला वाटतं आत माझा मार्च महिना ठेवलाय. गार पडलाय अगदी."

सोनुन ओव्हरलॉकच्या मशीनवर बसायची. तिची जीभही त्या मशीनसारखीच, एकाच फेरीत कापायची आणि शिवायचीही. अनारकान आपा सगळ्यांत वयस्क. तिला असलं बोलणं आवडायचं नाही.

"फ्रीजला नावं ठेवू नकोस गं. माझ्या सुनेचं दूध त्यात टिकतं."

"टिकू दे. माझा पगारही टिकलाय बघ किती."

हे चहाच्या वेळचं बोलणं. एजे बाजारात गेली होती. सोनुननं बशीतला चहा फुंकत बेगायिमकडे मान वळवली. "वकीलबाई, तुमच्या पुस्तकांत यावर काही आहे, का नुसते खून आणि घटस्फोट?"

बेगायिमची पदवी घरी कपाटावर पाहुण्यांच्या दुलयांखाली होती. ती मिळाली तेव्हा तिला सातवा महिना होता, आणि ज्या ज्या कचेरीत ती गेली तिथं तिथं माणसं आधी तिच्या पोटाकडे बघायची आणि मग, बाळंत झालात की या, म्हणायची. उल्कान एजेनंही पोटाकडेच बघितलं होतं. पण म्हणाली होती, खिडकीजवळचं मशीन घे, उजेड आहे. ते वाक्य बेगायिम विसरली नव्हती. म्हणून दोन महिने तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

"आहे की," ती म्हणाली, आणि म्हटल्याक्षणी तिला वाटलं, नको होतं बोलायला. कारण दोन बश्या ओठांपाशी थांबल्या, मग बाकीच्याही.

"काय आहे?"

"पगाराला उशीर झाला तर उशिराच्या दर दिवसामागे थोडी भर घालून द्यावा लागतो. मालकाला लेखी कळवून काम थांबवता येतं. त्यासाठी कुणाला काढता येत नाही. तरीही दिला नाही तर कामगार निरीक्षकाकडे जाता येतं."

"थांब थांब," सोनुन म्हणाली. "उशीर तिचा, आणि वर पैसे आपल्याला?"

"थोडेच."

"थोडे का असेनात. चहावरच्या सायीसारखे लागतील."

"आणि तिनं उद्या दाराला कुलूप घातलं तर?" अनारकान आपानं विचारलं. "कुणाकडे कागद आहे? करार कुणी केलाय?"

"कागद नाही म्हणून काम झालं नाही, असं होत नाही, आपा. तिनं बोलावलं, आपण शिवलं. कायद्याला तेवढं पुरतं."

आपल्या आवाजाचं बेगायिमलाच नवल वाटलं. परीक्षेच्या खोलीत बसल्यासारखा तो सरळ निघाला होता. हात मात्र टेबलाखाली अस्तराचा तुकडा चुरगाळत होते.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज लिहून आणला, दोन प्रती. भाषा सभ्य ठेवली. 'आदरणीय उल्कान एजे' नं सुरुवात. सोनुन म्हणाली, "आदरणीय काढ." बेगायिम म्हणाली, "राहू दे." एकेकीनं सह्या केल्या. अनारकान आपानं पेन हातात घेतलं, बराच वेळ तसंच धरलं आणि परत दिलं.

"मला नका गं सांगू. फ्रीज उघडताना दर वेळी लाज वाटेल मला."

सोनुननं पेनाला टोपण लावलं.

पण अर्ज नेऊन द्यायचा कुणी? लिहिणारीनंच, हे उघड होतं. बेगायिमनं तो पिशवीत ठेवला, बेर्मेतच्या लंगोटांच्या खाली, आणि तो तिथंच राहिला. एके दिवशी ती एजेच्या टेबलापर्यंत जाऊन आली. परत आल्यावर सोनुननं भुवया उंचावल्या.

"दिलास?"

"ती विचारत होती, बेर्मेतला कुठला रंग आवडतो."

"मग?"

"सामसाही गरम होत्या गं."

"हं," सोनुन म्हणाली आणि पायडल दाबलं. "म्हणजे त्या गार झाल्या की कायदा लागू होणार."

*

रविवारी सकाळपासून अंगण भरलं. बेगायिमचा नवरा कुबात आणि त्याचे मित्र मोठ्या कढईपाशी होते. शिवणखान्यातल्या सगळ्याजणी आल्या होत्या, आणि पाहुण्यांसारख्या बसून न राहता कामाला लागल्या होत्या. अनारकान आपा उजाडल्यापासून बोरसोक तळत होती. तिच्या बाजूला फुगलेल्या पिवळ्या वड्यांची रास झाली होती. बेर्मेतला नवं टोपडं घातलं होतं. ते तिला पसंत नव्हतं. ती एनेच्या मांडीवर बसून घोट्यांना बांधलेला दोर तोंडात नेण्याच्या खटपटीत होती.

बेगायिम सगळीकडे होती आणि कुठंच नव्हती. कढईजवळ मुलं जातायत का, पायरीवर पाणी सांडलंय का, पोरीला ऊन लागतंय का. आणि या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट: आज एने उल्कान एजेच्या हातात कात्री देणार.

एजे आली तशी फाटकापासूनच कळली. लाल कोट, उंच टाचा, हातात डबा, खांद्याला भलीमोठी पर्स. तिनं सगळ्यांना मिठ्या मारल्या, बेर्मेतच्या दोन्ही गालांवर रंग उमटवला आणि बेगायिमला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"दार लाव जरा."

बेगायिमनं दार लोटलं. एजेनं पर्समधून एक जाड पाकीट काढलं.

"दोन्ही महिने आहेत यात. तुझे. पूर्ण."

बेगायिमचा हात आपोआप पुढे झाला. मेंढा फिटला, मामांसमोर एनेची मान वर राहिली, हे सगळं त्या एका क्षणात तिच्या मनात होऊनही गेलं. पण एजेनं पाकीट मागे घेतलं.

"असं नव्हे. बाहेर देते. दस्तरखानावर, आहेर म्हणून. कुबातच्या मामांना म्हणावं, नाव जरा मोठ्यानं घ्या. तुझाही मान राहील, माझाही. पैसे काय, तेच आहेत. आणि त्या बाकीच्यांना बोलू नकोस. त्यांचं बघते मी सावकाश."

दाराच्या फटीतून तेलाचा वास येत होता. बाहेर सोनुन काहीतरी बोलली आणि बायकांचा हशा उसळला. हो म्हटलं की संपलं होतं. कुणाला कळणारही नव्हतं. किती सोपं होतं.

"एजे," बेगायिम म्हणाली, "आहेर नको."

"का गं?"

"आहेर फेडावा लागतो." तिनं हात मागे घेतला. "तुमच्या भाच्याचं लग्न आहे. तुम्ही चारचौघांत एवढा आहेर केलात, तर मला त्याच्या तोडीचा आणावा लागणार. मी कुठून आणू? पगाराचं तसं नसतं. तो परत फेडायचा नसतो. तो आम्ही आधीच शिवून फेडलेला असतो."

एजेनं तिच्याकडे बघितलं. मग पाकिटाकडे. स्टूल ओढून ती बसली.

"मी काय तुझा अपमान करायला आले होते?"

"नाही. मला माहितेय."

"पोटुशी होतीस तेव्हा कुणी घेतलं होतं तुला कामाला?"

"तुम्ही. म्हणूनच हे इतके दिवस पिशवीत राहिलं." आणि दाराजवळच्या खुंटीवरची पिशवी काढून, लंगोटं बाजूला सारून तिनं तो अर्ज पुढे केला. त्याला बाळाच्या पावडरीचा वास येत होता.

एजेनं चष्मा लावला. ती ओठ हलवत वाचायची. 'आदरणीय' वर ती थोडी थांबली. सह्यांपाशी आल्यावर एकेक नाव तिनं बोटानं दाबून पाहिलं.

"अनारकानची नाही."

"नाही."

"आणि हे काय, दर दिवसाला जास्तीचे? कुणी ठरवलं?"

"कायद्यानं."

"आणि नाही दिले तर?"

"तर काम थांबतं. आणि आम्ही निरीक्षकाकडे जातो." तिनं ते पाठ केल्यासारखं एका दमात म्हटलं.

"तो नोव्होसिबिर्स्कचा माझे पैसे लटकवून ठेवतो. मला कोण देतंय जास्तीचे?"

"त्याच्याकडे मागा. मी लिहून देईन ना तोही कागद. पण त्याला आम्ही ओळखत नाही, एजे. आम्ही तुम्हाला ओळखतो."

एजेनं कपाळ पुसलं. बाहेरून कुबातचा मामा मांसाची हाडं वाटताना कुणाला कुठलं मानाचं, यावर वाद घालताना ऐकू येत होता.

"लोक म्हणतात, उल्कानचा हात मोठा," ती हळूच म्हणाली. "ऐकायला बरं वाटतं गं. घरी गेलं की दुसरं कुणी बोलायला नसतं."

बेगायिमनं चहा ओतून पुढे ठेवला. एजेनं तो घेतला नाही.

"म्हणजे दोर मी कापायला नकोय तुला."

"हवाय," बेगायिम म्हणाली, आणि हे खरं होतं. इतकं खरं, की बोलताना तिला आवाज सांभाळावा लागला नाही. "पोर तुमच्यासारखी व्हावी असंच वाटतं मला. कुणाला न घाबरणारी. दारात कुणी अवघडलेलं आलं, तर ये, उजेडात बस, म्हणणारी. फक्त..."

"फक्त उशीर नको," एजेच म्हणाली.

दार धाडकन उघडलं. एने. "काय चाललंय आत? मांस गार व्हायला लागलंय आणि पोर दोर खातेय. कुणी कापणार आहे का, की ती चावूनच तोडू दे?"

"पेन आहे का?" एजेनं बेगायिमला विचारलं. एक प्रत शेगडीच्या कट्ट्यावर ठेवून तिनं त्यावर 'मिळाला' लिहिलं, तारीख घातली, लफ्फेदार सही केली. दुसरी प्रत घडी घालून पर्समध्ये टाकली. पाकीटही परत आत गेलं. मग वाकून तिनं एकेक करून उंच टाचांचे बूट काढले.

"उलसुन एने, मी दोर असाच नाही कापणार. बायकांची शर्यत लावा. पहिली येईल ती कापेल. मीही धावते."

"तू?" एनेनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "रस्ता टिकेल ना?"

गल्लीच्या टोकाला जर्दाळूच्या झाडापासून फाटकापर्यंत, असं ठरलं. बायकांनी रुमाल घट्ट बांधले, घागरे वर खोचले. अनारकान आपाही बोरसोकची झारी हातात घेऊनच उभी राहिली. तिला ती ठेवायचं भानच राहिलं नव्हतं. मामांनी हात खाली केला आणि सगळ्याजणी धुरळा उडवत सुटल्या.

शिवणखान्यातल्या बायकांना एजेला जिंकू देता आलं असतं. नोकरीच्या ठिकाणी माणसं असलं करतात. पण त्या दिवशी कुणीच पाय मागे घेतला नाही. सोनुननं तर वाटेत शेजारणीला कोपर मारलं, असं त्या शेजारणीचं आजही म्हणणं आहे. सोनुन पहिली आली. उल्कान एजे सगळ्यांच्या मागून आली, मोज्यांवर, लाल कोट उघडा पडलेला, एका हातानं छाती धरून. आणि ती हसत होती. एवढं मोठ्यानं हसताना तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"कापा, सोनुन मॅडम," ती धापा टाकत म्हणाली. "पोरीची जीभ आता कुणाच्या बापाला आवरायची नाही."

सोनुननं कात्री घेतली. ती रोजच कापायची, पण आता तिचा हात अलगद झाला. कच्च. दोर गळून पडला. एनेनं पोरीला उभं करून सोडलं. बेर्मेतनं एक पाऊल टाकलं, दुसरं, तिसरं, मग घाईनं चार-पाच, आणि धपकन बसली.

सगळे थांबले.

"बघितलंत?" एने म्हणाली. "किती सरळ पडली."

जेवणं झाल्यावर आहेर सुरू झाले. मामा एकेकाचं नाव घेऊन वस्तू उंच धरत होते. उल्कान एजेची पाळी आली तेव्हा लोक पुढे सरकले. मुलं मागच्या भिंतीवर चढली. एजेनं डब्यातून इवलेसे लाल बूट काढले.

"लाल बूट," मामांनी मोठ्यानं सांगितलं आणि हात पुढे करून थांबले. "आणि?"

"आणि काही नाही. बूट आहेत. चांगले आहेत."

थोडी कुजबूज झाली. मग टाळी वाजली. पहिली टाळी सोनुनची होती, दुसरी अनारकान आपाची, झारीसकट.

*

त्या रात्री बेगायिमला झोप आली नसेल, असं कुणालाही वाटेल. उलट ती पोरीआधी झोपली. काळजी मात्र सकाळी वेळेवर हजर झाली: पाकीट तर परत पर्समध्ये गेलं होतं.

सोमवारी एजे शिवणखान्यात आलीच नाही. मशीनं चालू होती, पण कुणाचं लक्ष शिवणीत नव्हतं. सोनुननं एका जाकिटाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. मंगळवारी दार उघडलं. आधी आवाज आला नाही, अत्तर आलं नाही, सामसा तर नाहीतच. एजे एकटी आत आली, मधल्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं, खुर्ची ओढली आणि एकेकीला नावानं बोलावलं.

सगळ्यांसमोर. दोन्ही महिने. आणि प्रत्येकीच्या पैशांवर ती रुमालातून सुटे काढून ठेवायची, चेहरा कडू औषध घेतल्यासारखा करून. "हे तुमचे ते. दर दिवसाचे. वकीलबाईला विचारा बरोबर आहेत का. नसले तर रडू नका, सांगा."

अनारकान आपा बोलावल्यावरही जागची हलली नाही. "मी सही नव्हती केली, एजे."

"जाकिटं शिवलीस ना?"

"शिवली."

"मग झालं. पगाराला सही लागत नाही." हे बोलताना एजेनं बेगायिमकडे एक नजर टाकली. ती नजर रागाची नव्हती. अगदी प्रेमाचीही नव्हती.

सोनुननं पैसे घेतले, खिशात घातले, आणि तिला गप्प राहवलं नाही. "एजे, भाच्याची घोडी?"

"घोडी नाही. गालिचा देतेय. छोटा. माझा भाऊ बोलत नाहीये माझ्याशी."

"म्हणजे घोडी आमच्यातच वाटली गेली म्हणा. माझ्या वाट्याला काय आलं?"

"तोंड," एजे म्हणाली.

त्यावर जो हशा झाला त्यानं वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खाली डोकावून गेला.

मामांच्या मेंढ्याचे पैसे त्याच संध्याकाळी फिटले. एनेनं ते सुनेच्या हातूनच द्यायला लावले, आणि मामा गेल्यावर म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? किती दिवस होणार नाही?" बेगायिम हसली. तिला कितीतरी दिवसांनी असं वाटलं, की टेबलाचे कोपरे गुंडाळायचे राहिले असते तरी फारसं बिघडलं नसतं. अर्थात, सोडले नाहीत तिनं ते.

पुढच्या महिन्यात पगाराच्या तारखेला एजे रिकाम्या हातानं आली. बँकेचं काहीतरी अडलं होतं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती थेट टेबलापाशी. पगार वाटला, आणि कुणी काही म्हणायच्या आत रुमाल सोडून प्रत्येकीपुढे एका दिवसाचे सुटे टाकले. एवढेसे होते ते, की एकटीच्या पैशात चहाची पुडीही आली नसती. सोनुननं सगळ्यांचे गोळा केले, कोपऱ्यावरच्या तंदुरावर गेली आणि एक गरम नान आणि वाटीभर साय घेऊन आली. सायीचे पैसे तिनं पदरचे घातले, हे दिवसभर ऐकवलं.

त्या दिवशी एनेचे गुडघे दुखत होते, म्हणून बेर्मेत शिवणखान्यात होती. लाल बूट तिला अजून मोठेच होत होते. नानचा एक तुकडा मुठीत धरून ती मशीनांच्या पायांमधून चालत निघाली, दोनदा धडपडली, उठली आणि एजेच्या खुर्चीपाशी जाऊन तो ओला, अर्धा चघळलेला तुकडा वर धरला. बेगायिम उठायला निघाली होती, मग बसली.

एजेनं तुकडा घेतला, उलटसुलट करून पाहिला. "माझ्याच उशिराचा ना हा?"

"तुमच्याच," सोनुन म्हणाली.

एजेनं तो तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "मीठ कमी आहे," ती म्हणाली, आणि पोरीला उचलून खिडकीपाशी, उजेडात घेऊन गेली.